रोवणीच्या गाण्यानंतरची जागा

हे मी आईला सांगितलं नाही, भावाला नाही, आणि सकाळी देवापुढे बसते तिथंही नाही. देवाला माहीत असणारच म्हणा — पण आपण होऊन तोंड उघडणं वेगळं. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ फार गोड चालते, आणि गोड बोलून ही गोष्ट सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिलाय मी.

माझं नाव प्रमिला. गोंदियाला लागून कुडवा आहे, तिथं रस्त्यावरच आमचं घर. पुढच्या खोलीत भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मागे आई, भाऊ, वहिनी आणि मी. लहानपणी तापात माझे डोळे गेले. आता लगेच ‘अरेरे’ नका करू. ‘बिचारी’ हा शब्द मी इतका ऐकलाय की कोणी म्हटला की मला जांभई येते. आणि या गोष्टीत बिचारी मी नाहीच, हे आधीच सांगून ठेवते.

मी गाणी भरून देते. दुकानाच्या एका कोपऱ्यात माझं टेबल, त्यावर कॉम्प्युटर. ट्रॅक्टरवाले येतात, पिकअपवाले येतात, लग्नघरची माणसं येतात, भजनी मंडळाच्या बाया येतात. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, तरी शेतात रेंज नसते आणि ट्रॅक्टरच्या टेपला पेन ड्राइव्हच लागतो, म्हणून माझं बरं चाललंय. नागपूरला एका संस्थेत राहून मी कॉम्प्युटर शिकले. स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ते बोलून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर म्हणतात. मी कीबोर्डचा बाण दाबला की तो पुढच्या गाण्याचं नाव सांगतो, पुन्हा दाबला की त्याच्या पुढचं. बाईचा आवाज आहे त्याला. श्वास न घेणारी बाई.

या बाईबद्दल एक गोष्ट नीट ऐकून ठेवा, कारण पुढे तिचं काम आहे. सुरुवातीला ती सावकाश बोलायची, शाळेतल्या बाईंसारखी. मग कान सरावला, तशी मी तिचा वेग वाढवत नेला. वाढवत वाढवत इतका वाढवला, की आता ती काय बोलते ते माझ्याशिवाय कुणालाच कळत नाही. निस्ती खरखर ऐकू येते. भाऊ म्हणतो, “तुह्या मशीनले जुलाब लागले काय वं?” लोक हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? मला ते आवडायचं. आयुष्यभर लोक माझ्यासमोर कागद वाचायचे, डोळ्यांनी एकमेकांना खुणा करायचे, आणि मी मख्खपणे बसून असायचे. आता माझ्याकडे असं काहीतरी होतं जे सगळ्यांच्या कानावर पडतं आणि फक्त मला कळतं. या गोष्टीचा मला गर्व होता.

आणि यादी लावायचा हात माझा चांगला आहे, तेही सांगते. कुणीही गाणी कोंबू शकतो हो. पण हळदीच्या दिवशी कुठलं गाणं आधी आणि कुठलं नंतर, नांगरणीला काय, आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी काय — हे लावावं लागतं. आधी कॉम्प्युटरवर यादी करायची, ऐकून बघायची, वर-खाली सरकवायची, मग जशीच्या तशी पेन ड्राइव्हमध्ये उतरवायची. एकदा उतरवली की गिऱ्हाईक ती घरी जाऊन वाजवतं, आणि मी त्याच्या घरात असते. असं वाटायचं मला.

धनराज पिकअप चालवायचा. इथल्या राइस मिलमधून तांदळाची पोती घेऊन कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर, दुकानांवर टाकायची. गाव त्याचं चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं, पण कामासाठी कुडव्यात खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी जायचा. अंगाला भाताच्या कोंड्याचा वास. तो वास दुकानाच्या पायरीवर आला की माझी बोटं कीबोर्डवर चुकायची.

काय होतं त्याच्यात? तसं काहीच नाही. पण बघा — लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात, जणू मला ऐकूही येत नाही. तो हळू बोलायचा. लोक मला ताई म्हणतात, माझ्याहून मोठे बाप्येसुद्धा. आंधळ्या बाईला काय म्हणायचं ते सुचत नाही, की ताई. तो प्रमिला म्हणायचा. चहा आला की लोक कप माझ्या हातात कोंबतात, वर बोटं दाबून धरतात. तो कप टेबलावर ठेवायचा, आणि ठेवताना मुद्दाम थोडा वाजवायचा. बस. कुठं आहे ते मला कळायचं, आणि माझा कप मी उचलायचे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

माझं त्याच्यावर प्रेम होतं. घ्या, बोलले एकदाची. बशीवर कप वाजला की अजून छातीत धस्स होतं, इतकी वर्षं झाली तरी.

त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत त्यानं बांधावर उभं राहून मोबाइलमध्ये बायांचं गाणं भरून आणलं. चिखलात भाताची रोपं लावताना आमच्याकडे बाया गातात, एकीनं ओळ सुरू करायची, बाकीच्यांनी उचलायची. मागे पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, मध्येच कुणीतरी खोकतंय, कुणीतरी पोराला शिवी घालतंय. मी ते वारंवार ऐकलं. मग त्यानं सांगितलं, यात जी ओळ सुरू करते ना, ती ममता.

ममता त्याच्या गावची, दोन गल्ल्या सोडून राहणारी. शिवणकाम करायची. मशीनजवळ तिचा छोटा साउंड बॉक्स होता, डब्बा म्हणायचे ते त्याला. तिनं धनराजला सांगितलं होतं, तू शहरात जातेस — नाही, जातो ना — तर मला गाणी भरून आणून दे. पाहा, आजही तिच्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळते.

एका दुपारी तो आला. धान निसवायला लागलं होतं, लोंब्या बाहेर येत होत्या. भाऊ पार्ट आणायला बाजारात गेला होता, आई आणि वहिनी मागे. त्यानं माझ्यासमोर पेन ड्राइव्ह ठेवला, वाजवून. कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रकवाल्यांशी गळा फाडून भांडणारा माणूस — आणि इथं त्याचा आवाज निघेना. शेवटी म्हणाला, या यादीत गाण्यांच्या शेवटी माझं थोडं बोलणं टाकशील का?

मोबाइलवर का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाला, तिच्या घरी मोबाइल एकच, तोही तिच्या काकाच्या खिशात. डब्बा तिचा एकटीचा. सगळे वावरात गेले की दुपारी ती एकटी मशीनवर बसते. दोघांची जात एक, सोयरीक जमण्यासारखी. पण आधी मोठी माणसं पाठवायला तो तयार नव्हता. का, ते त्याच्याच तोंडून ऐका. मी माइक लावला आणि तो बोलला. पाठ आहे मला.

“ममता, मी धनराज बोलून राहिलो. घाबरू नको. तू मले आवडते. घरच्यायले पाठवाच्या आधी तुले इचारून राहिलो, काऊन की मोठे माणसं एकदा बैठकीत बसले का पोरीले कोणी इचारत नाही. शनवारी मी घरी येईन. तुह्या मनात असंल तं माही गाडी आली का हे रोवणीचं गाणं लावून ठेवजो. नसंल तं डब्बा बंद ठेवजो. मी तुले कधी तोंडानं इचारणार नाही, अन् वाईटबी वाटून घेणार नाही.”

त्याच्यापुढे आणखी चार-पाच शब्द आहेत, माइक बंद व्हायच्या आधीचे. ते नंतर सांगते.

एखादा माणूस इतकं सरळ विचारतो? मुलीला नाही म्हणायची वाट आधी मोकळी करून देतो? मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. माझ्यासाठी स्थळ नाही, माझं लग्न नाही, हे घरात न बोलताच ठरलं होतं. बैठकीत बसायला मोठी माणसंसुद्धा येणार नव्हती. आणि इथं माझ्याच टेबलावर, माझ्याच माइकमध्ये, माझ्याकडे पाठ करून — म्हणजे, खुर्चीच्या आवाजावरून कळलं मला की तो भिंतीकडे वळून बोलत होता — हे शब्द दुसऱ्या मुलीसाठी निघाले.

मी यादी लावली. चांगली लावली, बरं का, जीव ओतून. शिवणकामाला साजेशी, मध्ये दमायला होणार नाही अशी. शेवटून दुसरं रोवणीचं गाणं, आणि शेवटी त्याचा आवाज. त्या फाईलचं नाव मी नुसतं ‘धनराज’ ठेवलं. त्यानं चहा आणला, माझा कप वाजवून ठेवला, स्वतः स्टुलावर माझ्या बाजूला बसला. इतका जवळ की फुंकर मारून चहा पितोय ते ऐकू येत होतं.

मी बाण दाबत खाली आले. मशीन म्हणालं, रोवणी. मशीन म्हणालं, धनराज.

मी डिलीट दाबलं.

यादीतून काही काढलं की ही मशीनमधली बाई ओरडत नाही, विचारत नाही. शेवटची गोष्ट काढली की मागच्या गाण्याचं नाव परत घेते, एवढंच. म्हणाली, रोवणी. त्याच्या कानापाशी त्याचंच नाव बोललं गेलं, आणि लगेच ते नाव तिथून गेलं — आणि तो चहा पीत होता. त्याला ती निस्ती खरखर होती.

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं,” मी म्हणाले, आणि यादी पेन ड्राइव्हमध्ये उतरवली.

हात चुकला असं मला तुम्हाला सांगता आलं असतं ना? कोणाला कळलं असतं? पण माझा हात चुकत नाही. त्या दिवशीही चुकला नाही.

त्या शनिवारी त्यानं पेन ड्राइव्ह तिला दिला. मग उत्तराचा शनिवार आला. शनिवारभर मी देवाकडे काय मागितलं, माहीत आहे? की ती जी यादी वाजवत बसेल, तिच्यात नेमकं तेच गाणं त्याच्या गाडीच्या वेळेला लागू देऊ नकोस. हे मागितलं मी. आंघोळ करून, दिवा लावून. दिव्याची वात आईकडून सारखी करून घेतली. आईला वाटलं पोरगी भावासाठी काही मागतेय.

सोमवारी कोंड्याचा वास पायरीवर आला. “डब्बा बंद होता,” तो म्हणाला. आणखी काही नाही. मी लाज वाटण्याइतकी खूश झाले. थोड्या वेळानं तो म्हणाला, “तिनं ऐकलंच नसंल काय व, प्रमिला? शेवटी होतं ना. एकदा परत इचारू काय?”

तेव्हा दार उघडं होतं. समजतंय ना तुम्हाला? नुसतं ‘विचार’ म्हटलं असतं तरी सगळं सरळ झालं असतं, माझं पाप कुणाला कळलंही नसतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, “तूच म्हणाला होतास ना, तोंडानं विचारणार नाही. मुलीनं नाही म्हटलं की एकदाच समजून घ्यायचं असतं, धनराज. तिला कशाला त्रास?” बोलायला किती चांगलं वाटतं, नाही? त्याचा चांगुलपणा त्याच्याच गळ्याला बांधला मी. तो शरमला. खरोखर शरमला तो — ज्यानं काहीच केलं नव्हतं. “बरोबर हाय तुहं,” म्हणाला. कप उचलून नेला.

मला वाटलं होतं आता तो जास्त येईल. दुःखात माणूस मित्राकडे येतो, असं मी डोक्यात रचून ठेवलं होतं. त्याच्यासाठी नवी यादी लावून ठेवली होती, गाडीत ऐकायची. तो येईनासा झाला. उन्हाळ्यात ममताचं लग्न बालाघाटकडे झालं. त्यानं पिकअप सोडली आणि ट्रकवर लागला, रायपूरच्या पुढे कुठंकुठं जायचा. भावाला कधी तरी नाक्यावर भेटायचा. भाऊ सांगायचा, धनराजच्या ट्रकमध्ये टेपच नाही, काढून ठेवला म्हणे. नंतर त्याचं लग्न झालं, घरच्यांनी ठरवलं तिथं. बायको चांगली आहे, एक मुलगी आहे. बरं चाललंय त्याचं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघते, की बरं चाललंय त्याचं. मग रस्त्यावरून ट्रक गेला की गियर बदलण्याच्या आवाजावरून तो आहे का ते ओळखत बसते. वेडी.

मागच्या दिवाळीनंतर दुकानात एक बाई आली. “ताई, हा पेन ड्राइव्ह तुमच्याच इथं भरला होता. आता चालून नाही राहिला. तेच गाणे परत भेटतील काय?” आवाज मी पहिल्याच शब्दाला ओळखला. कितीदा ऐकला होता मी तो, पाण्याच्या चुबुक चुबुकीत ओळ सुरू करताना.

मी त्या यादीचं फोल्डर उघडलं. जुनं काहीच उडवत नाही मी. गाणी शोधत होते आणि ती स्टुलावर बसून बोलत होती, माहेरी आलेल्या बाया बोलतात तशी, मोकळी. सांगू लागली, गावच्या एका पोरानं दिला होता हा. “सारा ऐकला होता मी ताई, शेवटपर्यंत. दोनदा. वाटे, कायतरी बोलला असंल तो याच्यात. निस्ते गाणेच निघाले.” हसली. माझी बोटं थांबली होती, पण तिला ते दिसलं असेल तरी ती थांबली नाही. “लय भोळी होती बाप्पा मी. शनवारी त्याची गाडी याची ना, तं मी डब्बा बंद करून ठेवो. गाडीचा आवाज आला पाहिजे करून.”

पुन्हा ऐका हवं तर. गाडीचा आवाज यावा म्हणून ती डब्बा बंद ठेवायची.

मी बाण दाबत खाली आले. मशीन म्हणालं, रोवणी. आणि मग — कारण यादीतून काढलं तरी फाईल मी कधी उडवली नव्हती, त्याच फोल्डरमध्ये होती — मशीन तिच्या तोंडासमोर म्हणालं, धनराज.

“काय बोलते हो ताई हे?” तिनं कौतुकानं विचारलं.

“गाण्यांची नावं,” मी म्हणाले.

तिला तिची गाणी भरून दिली. तिच्या हातात देताना तिच्या बांगड्या माझ्या बोटांना लागल्या. तिच्या घरी आता नवरा आहे, सासू आहे, मुलं आहेत. मी काय सांगणार होते, आणि कुणाच्या भल्यासाठी? — नको. हेही चांगलं बोलणंच झालं, आणि चांगल्या बोलण्याचं माझं काय होतं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. मी सांगितलं नाही कारण मी घाबरले.

ती फाईल माझ्या स्वतःच्या यादीत आहे. दुपारी भाऊ जेवायला मागे गेला की मी कानात लावून ऐकते. ‘घाबरू नको’ ऐकते. ‘तू मले आवडते’ ऐकते. तिच्यासाठीचं ते बोलणं मी इतकी वर्षं माझं म्हणून ऐकत आले. ‘वाईटबी वाटून घेणार नाही’ आलं की थांबवते. दर वेळी तिथंच थांबवते, कारण पुढे काय आहे ते मला माहीत आहे. आधी एक मोठा श्वास आहे, सुटल्यासारखा. मग तो भिंतीकडून माझ्याकडे वळतो, खुर्ची वाजते, आणि लाजून, आनंदानं, आयुष्यात पहिल्यांदा तो मला म्हणतो, “झालं. बंद कर ना ताई.”

त्यानं ताई म्हटलं म्हणून मी ते केलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं. पण त्यानं प्रमिला म्हटलं असतं, तरी मी तेच केलं असतं.

काल दुपारी मी ती फाईल शेवटपर्यंत ऐकली, त्या शब्दासकट. यादी तिथं संपते. मग आज मी डिलीट दाबते, आणि मशीन मागच्या गाण्याचं नाव घेतं.